जहाजाआधीची एक रात्र

कल्याणहून मुंबई किती लांब, असे कुणी विचारले की आम्ही कल्याणकर न अडखळता सांगतो, "फास्ट लोकलने तासभर." किलोमीटरमध्ये सांगायचे तर ५४. या तासाभराच्या हिशेबापायी आमच्या घरातल्या चार माणसांची एक सफर बुडाली. दुसऱ्या वेळी अम्मीने तो हिशेब आमच्या हातातून काढूनच घेतला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीला राहणारी आमची आपा, दुल्हाभाई आणि त्यांची दोन मुले मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर निघाली होती. पैसे वर्षभर साठवलेले. जहाज संध्याकाळी सुटणार होते, पण प्रवाशांची नोंदणी दुपारीच बंद होणार होती. दुल्हाभाई रोज फोर्टात नोकरीला जाणारे. त्यांना कोण रस्ता सांगणार? सकाळी साडेनऊला चार बॅगा घेऊन ते डोंबिवली स्टेशनवर पोहोचले. कामाचा दिवस, खचाखच भरलेला फलाट. तीन गाड्या सोडल्या, चौथ्या गाडीत कसेबसे शिरले. ती गाडी कळव्याच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. पुढे काय झाले होते ते आम्हाला आजही नीट माहीत नाही. ठाण्याला उतरून टॅक्सी केली, हायवेवर अर्धा तास एका जागी काढला, आणि बंदराच्या दाराशी पोहोचले तेव्हा नोंदणी बंद होऊन वीस मिनिटे झाली होती. जहाज समोर उभे दिसत होते. धाकटा भाचा ते बघून रडला नाही, फक्त गप्प झाला. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, नियमच तसा होता.

त्यामुळे या हिवाळ्यात पुन्हा जायचे ठरले तेव्हा दूधनाक्याच्या आमच्या घरात बैठकच बसली. या वेळी अम्मीही येणार होती. वय ७२, दोन्ही गुडघे दुखरे. सोलापूरची खाला येणार होती. सगळे मिळून आठ जण. आम्ही म्हटले, आदल्या दिवशीच मुंबईत जाऊन मुक्काम करू या. दुल्हाभाईंना ते पटेना. "आपण काय परगावचे आहोत? घर असताना मुंबईत खोली घ्यायची? लोक हसतील. फार तर पहाटे निघू."

तोवर गप्प बसलेली अम्मी म्हणाली, "बेटा, माझे अब्बा हजला गेले तेव्हा कल्याणहूनच गेले होते. जहाज सुटायच्या चार दिवस आधी आम्ही सगळे मुसाफिरखान्यात जाऊन राहिलो होतो. ते काय वेडे होते?"

अम्मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातल्या त्या रात्री तिला अजून आठवतात. फरशीवर एकाला लागून एक अंथरुणे, कडेला पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेले, स्टोव्हचा वास, आणि कुठून कुठून आलेल्या बायकांच्या न समजणाऱ्या बोली. लसीचा दाखला, पिलग्रिम पास, सामानाची तपासणी, सगळे त्या चार दिवसांत. मोगल लाइन कंपनीची 'इस्लामी', 'मुहम्मदी' ही जहाजे त्या काळी जेद्दाला जायची. १९९५ पासून हजची जहाजे बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. त्याबरोबर बंदरावर आधी जाऊन राहण्याची ही सवयही आमच्या घरांतून गेली. "निरोप द्यायला आलेले आम्हीही थांबलो होतो," अम्मी म्हणाली. "जहाज आपल्यासाठी थांबत नाही, आपण त्याच्यासाठी थांबायचे असते." दुल्हाभाई पुढे काही बोलले नाहीत.

खरे तर कल्याणच्या माणसाला हे कुणी शिकवावे लागू नये. आमचे गावच एके काळी बंदर होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख व्यापारी बंदर म्हणून येतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि दुर्गाडीखालच्या याच खाडीत त्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत रेल्वे आली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, आणि गावाचे तोंड खाडीकडून रुळांकडे वळले. आता रेतीबंदरला उभे राहिले तर समोर उल्हास नदीची खाडी दिसते, पण जहाज पकडायला मात्र लोकलच गाठावी लागते.

मुक्काम ठरला, मग खोलीचा शोध सुरू झाला. इथे आम्ही जे शिकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्यासारखी कुटुंबे यातच फसतात.

पहिला विचार आला ठाण्याचा. खोल्या स्वस्त, ओळखीचा भाग. पण ठाण्याहून मुंबईचे टोक अजून ३४ किलोमीटर राहते, आणि अडकायला होते ते त्यातच. ठाण्यात मुक्काम करणे म्हणजे खर्च करून घरीच राहणे. बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टातली हॉटेले बंदराला खेटून आहेत, पण आठ माणसांना ती परवडणारी नव्हती. राहिला मोहम्मद अली रोड, क्रॉफर्ड मार्केट, मस्जिद बंदरचा पट्टा. बंदर टॅक्सीने जवळ, जेवणाची चिंता नाही, अजान खोलीत ऐकू येते. तिथे गेस्ट हाऊस पुष्कळ आहेत, मात्र बऱ्याच इमारती जुन्या. फोनवर "लिफ्ट आहे का?" असे विचारले तर सगळे हो म्हणतात. "लिफ्ट चालू आहे का, आणि कितव्या मजल्यापर्यंत?" असे विचारायचे. एका ठिकाणी लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत आणि खोल्या चौथ्यावर होत्या. आम्ही शेवटी एका रविवारी स्वतः जाऊन पायऱ्या मोजल्या. अम्मीच्या गुडघ्यांसाठी तेवढे करायलाच हवे होते.

दुसरी अडचण आमच्या ध्यानीमनीही नव्हती. दोन ठिकाणी आधार कार्डावरचा कल्याणचा पत्ता सांगितल्यावर उत्तर आले, "लोकल आयडी चालत नाही." म्हणजे दुल्हाभाई म्हणत होते की आपण परगावचे नाही, तेच लॉजवाले वेगळ्या कारणाने म्हणत होते! कुटुंबासोबत आहोत, वयस्क आई आहे, दुसऱ्या दिवशी जहाज आहे, तिकीट दाखवतो, असे सांगितल्यावर तिसऱ्या ठिकाणी खोल्या मिळाल्या. ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांनी पत्त्याचे फोनवरच सांगून ठेवावे आणि होकार मेसेजमध्ये लेखी घ्यावा. रात्री आठला बॅगांसह फुटपाथवर उभे राहण्याची वेळ येऊ नये.

आमचे जहाज सोमवारी होते. सोमवारी सकाळी सामान घेऊन कल्याण किंवा डोंबिवलीहून लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे पडून गेली, तेव्हापासून आमच्या घरात दाराशी उभे राहण्यावर बंदीच आहे. रविवारी मात्र मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा दिवसा मेगाब्लॉक असतो. म्हणून आम्ही संध्याकाळची, कल्याणहूनच सुटणारी गाडी धरली. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळते. खाला शनिवारी पहाटेच सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याणला उतरली होती. आपाचे कुटुंब डोंबिवलीला त्याच डब्यात चढले. भाच्याने चढल्या चढल्या विचारले, "ही गाडी थांबणार नाही ना?" कुणीच उत्तर दिले नाही.

एक छोटी गोष्ट. आमचे गेस्ट हाऊस मस्जिद स्टेशनला जवळ होते, पण आम्ही तिथे उतरलो नाही. फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, आणि थांबली असती तरी त्या पुलाच्या पायऱ्या अम्मीला झेपल्या नसत्या. सीएसएमटी शेवटचे स्टेशन. तिथे फलाट सरळ बाहेरच्या दालनात उघडतात, पूल चढावा लागत नाही. तिथून टॅक्सी केली. दोन टॅक्सीवाल्यांनी जवळचे भाडे म्हणून नकार दिला, तिसऱ्याने अम्मीकडे बघून दार उघडले.

खोल्यांवर सामान टाकल्यावर नमाजचा प्रश्न निघाला आणि त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. इशा पूर्ण पढायची की कस्र? मोठा भाचा म्हणाला, मुंबई तर ५४ किलोमीटरवर, कस्र कशी होईल? खाला म्हणाली, निघताना नियत गोव्याची केली आहे, गावाची हद्द ओलांडली तेव्हाच आपण मुसाफिर झालो. आमचे घर शाफई, खालाचे हनफी, पण एवढ्या बाबतीत दोघांचे जुळले. अंतर शेवटच्या मुक्कामापर्यंतचे धरायचे, वाटेतल्या पहिल्या थांब्याचे नव्हे. ज्यांना शंका असेल त्यांनी निघण्याआधी आपल्या मोहल्ल्यातल्या इमामांना विचारून घ्यावे, जहाजावर विचारायला कुणी सापडत नाही. आम्हा पुरुषांपुरता त्या रात्री प्रश्न आपोआप सुटला. आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जमातीत सामील झालो, आणि स्थानिक इमामाच्या मागे मुसाफिरालाही पूर्ण चार रकात पढाव्या लागतात. अम्मी, आपा आणि खालाने खोलीत दोन पढल्या.

जामा मशीद आम्ही वर्षानुवर्षे बाहेरून पाहिलेली, आत निवांत कधी गेलो नव्हतो. १८०२ मध्ये ती पूर्ण झाली. एका जुन्या तलावावर बांधलेली आहे. दगडी पायऱ्या खाली पाण्यापर्यंत जातात, पाण्यात मासे फिरतात, आणि कमानींचा भार त्या पाण्यातून वर उचललेला आहे. त्या काळच्या मुंबईतल्या कोकणी मुसलमानांत जहाजांचे मालक आणि नाखुदा बरेच होते. बंदरातून जाणारे-येणारे किती जण या पायऱ्यांवर वुजूला बसले असतील. भाचा माशांजवळून उठायला तयार नव्हता. घाई नव्हती, म्हणून आम्हीही बसलो. सकाळी घरून निघून थेट जहाजावर गेलो असतो तर हे काही दिसलेच नसते.

रात्रीचे जेवण भेंडी बाजारात नूर मोहम्मदी हॉटेलात झाले. १९२३ पासूनचे हॉटेल, नल्ली निहारीसाठी नावाजलेले. अम्मीला तिखट सोसत नाही, तिने रोटी आणि थोडा रस्सा घेतला. जहाजावरच्या जेवणाचे आम्ही तिकीट काढतानाच विचारून घेतले होते. तिथे दारू असते, जुगाराची टेबलेही असतात, हेही अम्मीला आधीच सांगितले होते. ती म्हणाली, "मोहम्मद अली रोडवर पण काय काय असते. दुकान उघडे आहे म्हणून आत जावे लागत नाही."

परतताना तिने मुसाफिरखान्यावरून टॅक्सी न्यायला सांगितली. खाली उतरली नाही. काच खाली करून वर बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आठवणीत हे फार मोठे होते."

झोपण्याआधी औषधांची पिशवी, चष्मा, जानमाज आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रे एका हातपिशवीत काढली. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला कित्येक तास लागू शकतात. अम्मीच्या रक्तदाबाची गोळी त्यात गेली असती तर कठीण होते. ही पिशवी दुल्हाभाईंनी मागून घेतली आणि उशाशी ठेवली.

सकाळी टॅक्सीवाल्याला नुसते "जहाजाला जायचे आहे" असे सांगू नका. तो तुम्हाला गेटवेला नेईल, नाही तर भाऊच्या धक्क्याला. मुंबई बंदराला ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ब्ल्यू गेट, ऑरेंज गेट अशी रंगांच्या नावांची दारे आहेत, आणि ती एकमेकांपासून चांगली दूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले आहे, त्यामुळे जुन्या प्रवाशांच्या सांगण्यावर न जाता आपल्या तिकिटावर काय छापले आहे तेच वाचावे. आमच्या तिकिटावर बॅलार्ड इस्टेटमधले ग्रीन गेट होते. दहा-पंधरा मिनिटांत पोहोचलो.

पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि आत घ्यायला सुरुवात व्हायची होती साडेअकराला. दारावरच्या रखवालदाराने घड्याळ बघितले, आमच्याकडे बघितले, आणि विचारले, "कुठून आलात?"

"कल्याण," दुल्हाभाई म्हणाले.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि अम्मीसाठी आतून खुर्ची घेऊन आला. खुर्चीवर बसून अम्मीने पिशवीतून डबा काढला. घरून आणलेली उकडलेली अंडी आणि घावन. बाहेरचे खाणे जहाजावर नेता येत नाही असे आम्ही तिला दहादा बजावले होते. "नेत कुठे आहे?" ती म्हणाली, आणि एक घावन गुंडाळून पहिल्यांदा त्या रखवालदाराच्या हातावर ठेवले.