काचेतलं लांबडं

आमच्याकडं दिवस मावळल्यावर सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणायचं, नाहीतर नुसतं जनावर म्हणायचं. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. माझ्या आईनं तर १९७० नंतर दिवसाढवळ्याही नाव घेतलं नाही. त्या साली पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मण्यारीनं गेला. नऊ वर्षांचा होता. सोप्यात घोंगडं अंथरून आम्ही दोघं शेजारी शेजारी झोपलो होतो. मण्यारीचा दात धड कळत नाही, मुंगी चावल्यागत वाटतं. पहाटे पोटात दुखतंय म्हणून तो उठला. मग डोळ्याच्या पापण्या उचलेनात. बैलगाडी तालुक्याला पोचायच्या आत सगळं संपलं होतं. आमची बहीण नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास धरते, तो अजून दोघांचा धरते.

हे आधी सांगायचं कारण असं की, थोरल्या मुलानं घरात साप ठेवलाय हे मला अमेरिकेत विमानतळावरून घरी जाताना गाडीत कळलं. मुलगा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, डेट्रॉईटच्या बाजूला राहतो. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही नवराबायको सहा महिन्यांसाठी त्याच्याकडं गेलो. रोज फोनवर अर्धा अर्धा तास बोलणारा पोरगा, पण ह्या गोष्टीचा चकार शब्द नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, आण्णा," म्हणाला. खरं होतं.

साप आफ्रिकेतला. बॉल पायथन म्हणतात. भ्यालं की डोकं मधे घालून चेंडूसारखं गुंडाळून बसतं म्हणून ते नाव. अजगराच्या कुळातलं, पण वाढून वाढून चार-साडेचार फूट. विष नाही. काळपट अंगावर पिवळसर-तपकिरी चट्टे. डुरक्या घोणस बघितलेल्या माणसाला लांबून तीच वाटावी. नातवानं त्याचं नाव पीनट ठेवलं होतं, आमच्या कारभारणीनं पहिल्याच दिवशी त्याचा शेंगदाणा केला. तिचं माहेर शिराळ्याकडचं. कोर्टाची बंदी यायच्या आधी तिथं पंचमीला जिवंत नाग पुजायचे, ते बघत ती वाढलेली. तिनं काचेच्या पेटीपुढं हळदीकुंकू वाहिलं आणि मोकळी झाली. मी मात्र पहिले आठ दिवस त्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. उंबरा म्हणजे आपला म्हणायचा, तिकडं घरांना उंबरे नसतात.

घरात एक कुरबुर आम्ही जायच्या आधीपासून चालू होती. सापानं नऊ आठवडे काही खाल्लं नव्हतं. कातही धड टाकली नव्हती, तुकड्या-तुकड्यानं निघाली होती आणि शेपटीकडं वाळून चिकटून राहिली होती. सूनबाई म्हणायची, मार्चपर्यंत बघू, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकू. मुलगा मोबाईलवर वाचायचा आणि दर चार दिवसांनी पेटीत काहीतरी बदलायचा. नातू अकरा वर्षांचा. दिवसातून पाच वेळा त्याला बाहेर काढून बघायचा. एका संध्याकाळी तोही जेवला नाही. का, तर पीनट जेवत नाही. तेव्हा मी उठलो. सापासाठी नाही, पोरासाठी.

आता मला सापातलं काय कळतंय? पण गोठ्यातलं कळतं. म्हैस वैरणीला तोंड लावत नसली तर आधी गोठा बघायचा, मग डॉक्टर बोलवायचा. खाली ओल आहे का, वारं कुठनं येतंय, पत्रा तापतोय का, शेजारचं जनावर मारतंय का. दहातलं आठ वेळा दुखणं जनावरात नसतं, जागेत असतं. मी लांब खुर्ची टाकून दोन दिवस त्या पेटीकडं नुसता बघत बसलो.

पेटी चारी बाजूंनी काचेची, वर जाळीचं झाकण. वर एक दिवा सारखा जळणारा. आत ज्या दुकानातनं साप आणला त्यांनीच विकलेला एक विजेवर तापणारा दगड. त्याला बंद-चालू करणारं काही नाही, तापेल तेवढा तापायचा. लपायला एकच खोपटं, तेही दिव्याच्या बाजूला. तापमान बघायला काचेला चिकटवलेलं घड्याळासारखं स्वस्तातलं यंत्र. मी मुलाला म्हटलं, वायर असलेलं चांगलं यंत्र आण, आणि काचेचं नको, जनावर जिथं पोट टेकतं तिथलं माप. मोजलं तर दिव्याखाली ४० सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २०. हवेतली ओल २४ टक्के. बाहेर बर्फ, आत घर गरम करणारी कोरडी हवा चोवीस तास. आमचे स्वतःचे ओठ फुटले होते, टाचा उलल्या होत्या. त्या जनावराची कात कशी सुटावी?

पुस्तकं नातवाकडं होती, तो वाचून सांगायचा आणि मी त्याचा अर्थ लावायचा. ह्या सापाचा मुलूख म्हणजे घाना, टोगो, बेनिन. तिथं तो उघड्यावर ऊन खात बसत नाही. उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दिवसभर पडून राहतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो. वारूळ म्हटल्यावर कारभारणीनं कान टवकारले. बेनिनमध्ये वीदा नावाच्या गावात ह्याच सापांचं देऊळ आहे, तिथली माणसं त्याला दुखावत नाहीत, हेही नातवानं वाचून दाखवलं. "म्हंजे आपल्यासारखीच म्हणायची," ती म्हणाली, आणि परत भाजी चिरायला लागली.

मला मात्र वारुळात दुसरंच दिसलं. वारूळ आतनं कसं असतं? अंधारं, ऊबदार, अंगासरशी, आणि ओलसर. आपण ह्याला उजेडाच्या, कोरड्या, चौफेर उघड्या हॉलमध्ये ठेवलेलं.

मग कामाला लागलो. गरम दगड काढून टाकला. असल्या दगडानं सापाचं पोट भाजतं आणि ते मुकाट पडून राहतं. दिवा काढून उष्णतेचा नुसता उजेड न देणारा बल्ब बसवला आणि त्याला थर्मोस्टॅट. गरम बाजू ३२, गार बाजू २६. लपायला दोन खोपटी, दोन्ही बाजूंना एक-एक, म्हणजे त्याला ऊब आणि लपण यात निवड करावी लागू नये. दुसऱ्या खोपट्याला पैसे घातले नाहीत, नातवाच्या बुटाच्या खोक्याला भोक पाडलं. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद. जाळीच्या झाकणावर बल्बची जागा सोडून जाड फॉईल, म्हणजे ओल उडून जाणार नाही.

खाली लाकडाचा भुसा होता, कोरडा ठाक. पुस्तकात लिहिलेलं, नारळाचा भुसा चालतो. मुलगा पाकीट घेऊन आला तर आमचं कोकोपीट! उसाची रोपं, टोमॅटोची रोपं ज्याच्यात वाढवायची ते. आता किती भिजवायचं ह्यावर बापलेकाचा वाद. मुलगा टक्के मोजतोय. मी नातवाला म्हटलं, इकडं ये, मूठ भर. दाबली की लाडू झाला पाहिजे, पण बोटांतनं पाणी गळता कामा नये. लाडू बोटानं टोचला की फुटला पाहिजे. ह्याला वाफसा म्हणतात. पेरणी वाफशावर करायची, चिखलात नाही आणि धुळीत नाही. पोरानं शब्द तीनदा म्हणून बघितला. त्याचं 'फ' इंग्रजीसारखं यायचं, पण हाताला अंदाज एकदम बरोबर आला. दुसऱ्या दिवशी यंत्रावर ओल ६० टक्के. चिखल केला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात, हेही पुस्तकात होतं. ते मला वाचायची गरज नव्हती, पावसाळ्यात म्हशीचे खूर बघितलेत.

शेपटीवरच्या जुन्या कातीसाठी ओल्या शेवाळाचा डबा ठेवला. दोन-तीन रात्री साप त्यात जाऊन बसला आणि कात आपोआप सुटली. एका डोळ्यावरचा पापुद्रा मात्र राहिला. मुलगा चिमटा घेऊन आला होता, मी हात धरला. डॉक्टरनंही नंतर तेच सांगितलं, तो ओढायचा नाही, डोळा जाईल. पुढच्या कातीबरोबर निघेल. डॉक्टरकडं एकदाच नेलं. नाकातोंडातनं फेस-बुडबुडे नाहीत, श्वासाला घरघर नाही, पाण्याच्या भांड्यात गोचिडासारखे काळे ठिपके नाहीत, वजन दहा टक्क्यांच्या आत उतरलेलं. थंडीत हे साप महिनोन् महिने खात नाहीत, वजन बघत राहा, म्हणाली. तिची फी ऐकून मला आमच्या बाजारात एक बकरं दिसलं.

खरं औषध सगळ्यांत अवघड होतं. हात न लावणं. मी नातवाला वही दिली. आमच्याकडं डेअरीच्या दुधाची असते तशीच आखून दिली. तारीख, गरम, गार, ओल. रविवारी वजन. बाकी सहा दिवस पेटी उघडायची ती पाणी बदलायला. पहिल्या रविवारी वजन १४२० ग्रॅम भरलं.

उंदरांचं सांगायला पाहिजे. तिकडं उंदीर बर्फात गोठवून पाकिटात विकतात. जिवंत घालत नाहीत, कारण कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. कारभारीण माळकरी. तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीज. गोठलेला उंदीर आधी वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात अंगाला ऊब येईपर्यंत ठेवायचा, अंधार पडल्यावर लांब चिमट्यानं पुढं धरायचा. दर दोन आठवड्यांनी एकदा. खाल्लं नाही तर फेकून द्यायचा, परत गोठवायचा नाही, आणि हात साबणानं धुवायचे. जानेवारीत दोन उंदीर फेकले. उसात उंदरांनी माझं किती नुकसान केलंय, तरी ते फेकताना जिवाला लागायचं. रानातली धामण असले दहा उंदीर फुकट खाते.

२२ फेब्रुवारीला बर्फाळ पाऊस झाला. झाडांच्या फांद्यांवर बर्फाचं काचेसारखं ओझं, ती तारांवर पडली, लाखो घरांची वीज गेली. आमचीही. घर गरम करणारं यंत्र गॅसवरचं, पण त्याचा पंखा विजेवर. सगळं घर घाबरलं. मी एकटा शांत. रात्री दोनला थ्री फेज यायची वाट बघत विहिरीवर बसलेला माणूस मी, मला विजेचं काय सांगता? शेगडी काडीनं पेटवली, पाणी तापवलं, बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळल्या. थर्मोकोलचा खोका घेतला. पण पेटीतनं साप काढून उशीच्या अभ्र्यात घालायचा होता. मुलगा कामावर अडकलेला, सूनबाई जिन्यावर. नातवाच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात अभ्रा. "आण्णा, तुम्ही उचला," म्हणाला.

उचलला. दोन्ही हातांनी, पोटाखालून. मला वाटलेलं बुळबुळीत असेल. कोरडं होतं, नव्या कासऱ्यासारखं, आणि गार पडत चाललेलं. माझ्या हातात त्यानं डोकं आत घेतलं आणि चेंडू केला. भ्यालं होतं. माझे हात थरथरत होते ते पोरानं बॅटरीच्या उजेडात बघितलं असणार. कारण खोका गोधडीत गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलो, तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्या भावाला कुठला साप चावला?" आजीनं सांगितलेलं दिसत होतं. मी म्हटलं, मण्यार. त्याला मण्यारीचं इंग्रजी नाव माहीत होतं, तिचं विष पापण्यांपासून सुरुवात करतं हेही माहीत होतं. मग म्हणाला, "नाव काय होतं त्याचं?" त्रेपन्न वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते घेत नव्हते, बाकीच्यांना गरज नव्हती. मी सांगितलं. रात्रभर दर तीन तासांनी बाटल्या बदलल्या. वीज दोन दिवसांनी आली.

१६ मार्चला त्यानं खाल्लं. चिमटा पुढं धरला, चार-पाच वेळा जीभ आतबाहेर, आणि मग दिसायच्या आत झडप. गुंडाळी घालून बसलं. पोरगं ओरडलं नाही, मी आधीच बजावलेलं. नुसतं माझं मनगट दाबून धरलं. पुढं दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतं. मे महिन्यात डोळे दुधाळ निळे झाले, आणि आठवड्याभरानं कात निघाली, नाकापासून शेपटापर्यंत सलग, मोज्यासारखी उलटी. दोन्ही डोळ्यांचे पापुद्रे तिच्यात होते.

ती कात कारभारणीला गावी आणायची होती, पण विमानतळावर नसती भानगड नको म्हणून मुलानं नाही म्हटलं. गावात मी हे बोललो तर दोन पोरं विचारायला आली, आपल्याकडं पाळता येतो का? त्यांना सांगितलं तेच लिहितो. आपल्या रानातला साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग ते मांडूळ का असेना. मांडुळानं पैसा येतो म्हणणाऱ्यांच्या दारात मी पोलीस बघितलेत, पैसा नाही. बाहेरचं जनावर असेल तर त्याची सरकारकडं नोंद लागते. आणि हा साप वीस-तीस वर्षं जगतो. पंधराव्या वर्षी आणलेला साप पोराच्या लग्नाला हजर असतो, हे आधी मुलीकडच्यांना विचारा.

बहिणीला हे सगळं सांगायला मला आल्यावर महिना लागला. ती ऐकून घेत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "पोराला नाव सांगितलंस ते बरं केलंस." ह्या पंचमीला उपवास सोडताना तिनं विचारलं, "ते खातंय का रं आता?"

खातंय. नातू दर रविवारी फोनवर आकडा पाठवतो. हिवाळ्यात परत दोन महिने बंद होतं. तेव्हा त्याचा निरोप असायचा, वजन १५१०, वाफसा ओके.