कसबा पेठ ते कुंभोज : मागच्याच्या चालीने

कसबा ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपतीचे मंदिर, तांबट आळीतील हातोड्यांचे ठोके आणि सायकललाही जपून वळावे लागेल अशा अरुंद गल्ल्या. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळी दुकानदार, कारकून, विद्यार्थी सारेच येथून सायकलने ये-जा करीत. याच पेठेतून हातकणंगले तालुक्यातील कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रापर्यंत सायकलने जावयाचे, तर अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. घरातील लहानथोरांनी मिळून जावयाचे असेल, तर ते 4 दिवसांत विभागणे सोयीचे : शिरवळ, सातारा, कऱ्हाड आणि कुंभोज. रोजची मजल 50 ते 65 किलोमीटरांची.

तयारी निदान 2 महिने आधी सुरू व्हावी. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या शरीराला एकदम घाट दाखवणे बरे नव्हे. प्रथम रोज 8-10 किलोमीटर, मग रविवारी खडकवासला, पुढे कात्रजचा जुना घाट, असा क्रम ठेवावा. शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ 2 दिवस लांब फेरी करावी. कारण सीट टोचते का, गुडघा कुरकुरतो का, हे दुसऱ्या दिवशीच कळते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढीच सीटची उंची असावी. ब्रेक, चेन आणि टायर निघण्याच्या आठवडाभर आधी तपासून घ्यावेत. मागून येणाऱ्या टेम्पोत जादा ट्यूब, पंप, औषधे, उकळलेले पाणी, खाकरे, खजूर, चिक्की, मुगाच्या खिचडीचे साहित्य एवढे असले म्हणजे पुरे.

या प्रवासाचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. डिसेंबरात पुण्यात सूर्योदय 7 च्या आसपास आणि सूर्यास्त 6 च्या सुमारास होतो. नवकारशी करणाऱ्यांच्या मुखात सूर्योदयानंतर 48 मिनिटांपर्यंत पाणीही जात नाही. म्हणून पहिला टप्पा मुद्दाम संथ ठेवावा. उजाडताच कसब्यातून निघून ताशी 12 किलोमीटरच्या चालीने गेले, की सुमारे 10 किलोमीटरवरील कात्रजला पोहोचेपर्यंत नवकारशीची वेळ होते. तेथे पारणे करून मगच घाटाला लागावे. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपायचे, म्हणजे 5 वाजता सर्व मंडळी मुक्कामी हवीत. ताशी 15 च्या गतीने 60 किलोमीटरांना 4 तास लागतात. घाट, पंक्चर, जेवण आणि विसावा यांना आणखी 4 तास धरावेत. सकाळी 7 ला निघालेला संघ दुपारी 3 ला पोहोचतो आणि हाताशी 2 तास शिल्लक राहतात. पेढीवर अडीअडचणीसाठी रोकड बाजूला ठेवतात, तशीच ही शिल्लक जपावी.

ती सहसा तरुणांच्या उत्साहात खर्च होते. पहिल्या दिवशी ताशी 25 च्या वेगाने पुढे गेलेल्यांची ताकद म्हणजे उचल असते. तिसऱ्या दिवशी सातारा-कऱ्हाडच्या सपाट रस्त्यावर ती व्याजासह फेडावी लागते. चढावर शेजाऱ्याशी बोलता येईल एवढाच जोर लावावा. कात्रज किंवा खंबाटकीचा घाट ज्याने त्याने आपल्या चालीने चढावा. मात्र माथ्यावर सर्वांनी थांबावे आणि शेवटचा आल्यावर, त्यालाही पुरता विसावा मिळाल्यावरच उतार धरावा. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे एकेक जाणता माणूस असावा. मागच्याने कोणालाही आपल्या पाठीमागे राहू देऊ नये.

खरी अडचण शरीरापेक्षा मनाची असते. साठी ओलांडलेले काका सुनेसमोर, नातवंडांसमोर टेम्पोत बसायला तयार होत नाहीत. दम लागला तरी ‘चालेल, चालेल’ म्हणत ते पेडल मारीत राहतात. पण त्यांना उशीर झाला, तर ट्रकांच्या महामार्गावर अंधार पडतो. चौविहार असेल तर त्यांना उपाशी निजावे लागते आणि त्यांच्यासाठी थांबलेल्यांचीही तीच गत होते. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच सर्वांना नियम सांगावा : ज्याला चक्कर येईल, ज्याचे बोलणे तुटेल, तो वयाने कितीही मोठा असो, टेम्पोत बसेल. पहिल्याच दिवशी एखाद्या धडधाकट तरुणाने घटकाभर टेम्पोत बसावे. मग वडीलधाऱ्यांना संकोच उरत नाही. पायी संघात संघपतीवर सर्वांचा भार असे. सायकल आली म्हणून तो हलका होत नाही.

चौथ्या दिवशी कऱ्हाडहून निघून वारणा ओलांडली, की बाहुबलीचा डोंगर दूर राहत नाही. 1963 साली प्रतिष्ठापना झालेली 28 फुटी संगमरवरी बाहुबली मूर्ती येथे आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांची मंदिरेही आहेत. पुढे आलेल्यांनी सायकली पायथ्याशी लावाव्यात, पाणी घ्यावे आणि थांबावे. शेवटची सायकल आली, माणसे मोजून झाली, की सर्वांनी मिळून दर्शनाला जावे.