वहीतली गाडी

अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खेडहून चिपळूणला न्यावे लागते. व्याजाचे कर्ज काढून नवी गाडी घ्यायची नाही, हे घरात ठरलेलेच. म्हणून भाईजान आणि आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून २०१४ सालची पेट्रोलची सेडान घेतली.

तेव्हापासून वाद चालू आहे. भाईजान म्हणतात, "जुनी गाडी वाटेत बंद पडली तर अम्मींचे काय? विकून टाकू." त्यांची भीती खोटी नाही, डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. आमचे म्हणणे, भरवसा गाडीच्या वयापेक्षा तिच्या निगेवर असतो. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, तेही साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायर वरून जाड दिसला तरी त्याच्या बाजूचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना पाहावी.

शेवटी तोड निघाली ती अशी: प्रत्येक काम, तारीख आणि खर्च एका वहीत लिहायचा. २०२९ साली नोंदणीची पंधरा वर्षे भरतील, तेव्हा वही पाहून ठरवू. विकायची झालीच, तर वहीही घेणाऱ्याच्या हाती देऊ. ऐब झाकून घेतलेल्या पैशात बरकत नसते, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.