आबाजींचं प्यादं

आबाजींच्या पटावर प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची, तेवढंच. गिरडला आमच्या ओसरीवर, समोर दर्ग्याची टेकडी, असा मी आबाजींकडून बुद्धिबळ शिकलो. पुढे स्पर्धेला गेलो तेव्हा कळलं, प्यादं दोन घरं जातं आणि मधली घरं आधी बळकावायची असतात. माझा डाव बघून एक जाणते गृहस्थ म्हणाले, "ही काय सुरुवात झाली?" ते इतकं लागलं की तसं खेळणं मी सोडूनच दिलं.

बऱ्याच वर्षांनी बुद्धिबळपटू रेटीचा डाव हाती आला. न्यूयॉर्क, १९२४. समोर विश्वविजेता कापाब्लांका, आठ वर्षांत एकही डाव न हरलेला. रेटीने पहिल्यांदा घोडा काढला, मग दोन्ही उंट बगलेच्या घरांत बसवले. पहिल्या सात खेळ्यांत राजा-वजिरापुढच्या प्याद्यांना हातच लावला नाही. आठव्या खेळीला वजिरापुढचं प्यादं एक घर सरकलं, आणि थेट सोळाव्या खेळीला आणखी एक घर. तिथे माझा हात पटावरच थांबला. चौथं घर दोन टप्प्यांत गाठायचं, हे तर आबाजींचं रोजचंच! ३१व्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला.

रेटीचा हिशेब त्याचा स्वतःचा होता: मधली घरं दुरून उंटांच्या माऱ्यात धरायची, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, मग फोडायचं. पण याच घराण्यातल्या बचावांना युरोपात 'इंडियन' म्हणतात ते उगाच नाही. १८५०च्या दशकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनसमोर अशाच सुरुवाती खेळत होते. मीर सुलतान खानही आबाजींसारख्या देशी नियमांवरच वाढला. १९२९ मध्ये तो ब्रिटिश विजेता झाला आणि १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. त्याच्या सुरुवाती कच्च्या होत्या, असं आजही लिहितात. मला ते पटत नाही. एक-एक घर चालणाऱ्या प्याद्यांवर ज्याचा हात बसला, त्याला घाई न करता फौज मांडणं ठाऊक असतं.

आता ओसरीवर पोरं येतात. पहिले काही दिवस मी त्यांना आबाजींच्याच नियमांनी खेळवतो.

तुमच्या घरी देशी डाव खेळलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर पट मांडून त्यांच्यापुढे बसा. एक डाव तरी वहीत उतरवून ठेवा. आबाजींचा एकही डाव माझ्याकडे लिहिलेला नाही.