छातीतला बंद जिना

कल्याणच्या आमच्या चाळीत पुरुषमाणसं आधी ऐकू यायची, मग दिसायची. पहाटे नळाला पाणी यायच्या सुमारास सुरुवात व्हायची. कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा दोनदा खाकरून थांबायचे, जिन्याखालच्या मामांची उबळ लांबत जायची आणि आमचे अण्णा गॅलरीचा कठडा धरून, मान खाली घालून खोकत राहायचे. आई त्या आवाजावरून स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. कोणी आजारी आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. अण्णा विडी ओढत. सिन्नरहून येणाऱ्या विड्यांचं बंडल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे आणि ‘विडीचा खोकला’ म्हटलं की त्यावर पुढे बोलायचं काही उरत नसे.

जिन्याखालच्या मामांचा खोकला मात्र विडीचा नव्हता. तो क्षय निघाला, आणि निघेपर्यंत फार उशीर झाला होता. सगळ्या चाळीनं तो वर्षभर ऐकला होता, पण त्याला आधीच एक नाव मिळालेलं असल्यामुळे कोणी दुसरं नाव शोधलं नाही.

मी विडीकडे वळलो नाही. आमच्या पिढीला विडी कमीपणाची वाटे. कॉलेजात सिगरेट आली, आधी बिनफिल्टरची, पगार सुरू झाल्यावर फिल्टरची. घर डोंबिवलीला, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. दिवसाला जशी लोकलची वेळ, तशी सिगरेटची. ठाण्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडलं की एक. जेवणानंतर एक, साहेबाशी वाजलं की एक, परतीच्या गाडीआधी चहाबरोबर एक. त्या काळात गाडीच्या दारात उभं राहून ओढणारेही होते. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की अंधारात दोन-चार लाल ठिपके दिसत. रेल्वेत धूम्रपानाला बंदी होतीच, पण ती डब्यातल्या पाटीपुरती. सार्वजनिक ठिकाणची देशभराची बंदी 2 ऑक्टोबर 2008 ला आली आणि आम्ही टपरीच्या मागच्या बाजूला सरकलो. महाराष्ट्रानं सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगरेटच्या विक्रीवरही बंदी घातली. आज संध्याकाळी कुठल्याही टपरीवर एक सुट्टी मागून बघा, मिळते की नाही.

पस्तिशीच्या आसपास माझाही खोकला सुरू झाला. फक्त सकाळी. दात घासताना छातीत काहीतरी खदखदायचं, कफ सुटायचा, डोळ्यांत पाणी यायचं. चहाबरोबरची पहिली सिगरेट ओढली की सगळं शांत. त्यावरून टपरीवर एक सर्वमान्य शास्त्र तयार झालेलं होतं: सिगरेट कफ मोकळा करते. ‘सकाळची एक मारल्याशिवाय छाती साफ होत नाही’ हे वाक्य मी इतक्या गंभीर चेहऱ्यांकडून ऐकलंय, की एखाद्या एम. डी. डॉक्टरनंही क्षणभर विचार करावा.

खरा प्रकार असा आहे. श्वासनलिकेला आतून बारीक केसांची झालर असते. केस म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारे, सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका तालात वरच्या दिशेनं हलणारे. त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. आपण श्वासाबरोबर घेतलेली धूळ, काजळी, जंतू त्या थराला चिकटतात आणि झालर त्यांना हळूहळू वर, घशापर्यंत आणून सोडते. तिथून ते आपण नकळत गिळून टाकतो. वैद्यकाच्या पुस्तकात या व्यवस्थेला सरकता जिनाच म्हटलेलं आहे. सिगरेटच्या धुरानं हा जिना मंदावतो, मग बंद पडतो. डोंबिवली स्टेशनवरचा सरकता जिना बंद पडला की काय होतं ते आपण पाहतोच. माणसं वर जायची थांबत नाहीत, तोच जिना धापा टाकत पायांनी चढतात. खोकला म्हणजे ते पायांनी चढणं. झालरीनं गुपचूप करायचं काम छातीचे स्नायू धक्के मारून करतात.

आणि तो खोकला सकाळीच का? कारण रात्री झोपेत सहा-सात तास धूर नसतो. झालर थोडी शुद्धीवर येते, साठलेला कफ हलवायला लागते. सकाळचा खोकला हा तिचा कामाला लागल्याचा आवाज असतो. त्यावर पहिली सिगरेट ओढली की ती पुन्हा बधिर होते. खोकला बसतो, छाती साफ झाल्यासारखी वाटते, आणि कफ होता तिथेच राहतो. तंबाखूच्या सगळ्या लबाड्यांमध्ये ही मला सर्वांत पाताळयंत्री वाटते.

सोडली ती 2013 च्या दिवाळीनंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. निमित्त फार नाट्यमय नव्हतं. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत एका नळीत फुंकायला लावलं. ‘जोरात, अजून, अजून, सोडू नका’ असं ती तरुण तंत्रज्ञ मुलगी ओरडत होती, आणि माझा वारा मध्येच संपला. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘तुमचं वय पन्नास, फुप्फुसाचं सदुसष्ट.’ असं फुप्फुसाचं वय सांगण्याचा उपयोग होतो हे इंग्लंडमध्ये तपासूनही पाहिलेलं आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना हे वय सांगितलं त्यांच्यातले 13.6 टक्के लोक वर्षभरानंतर सिगरेटमुक्त होते. ज्यांना वयाऐवजी नुसता तपासणीचा आकडा दिला त्यांच्यातले 6.4 टक्के. माझ्या बाबतीत सदुसष्ट हा आकडा लागू पडला, कारण अण्णा त्याच वयात गेले.

पहिले काही दिवस चिडचिडीचे गेले. त्याची तयारी होती. तयारी नव्हती ती खोकल्याची. दुसऱ्या आठवड्यात तो वाढला. आता तो सकाळपुरता राहिला नाही, ऑफिसात, गाडीत, रात्री अंथरुणात, कुठेही यायचा. बायको म्हणाली, ‘अहो, ओढत होतात तेव्हा इतकं खोकत नव्हतात. सोडून काय मिळवलंत?’ टपरीवाल्यानं तर जुनं गिऱ्हाईक म्हणून कळकळीनं सांगितलं, ‘काका, एकदम सोडू नये. अंगावर येतं. दिवसाला एक ठेवा, कफ पातळ राहील.’ आमच्या गाडीतल्या ग्रुपमधल्या एकानं याच सल्ल्यानं पुन्हा सुरुवात केली होती. त्याचा खोकला दोन दिवसांत बसला. बसणारच.

बेसिनचं भांडं पांढरं असतं हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट कळलं. सुरुवातीला पडणारा बेडका मळकट, करड्या-तपकिरी रंगाचा असे, त्यात तपकिरीच्या चिमटीएवढे काळे कण. बोटानं पाणी फिरवून मी ते वाहून जाताना बघत राहायचो. किळस येत होती, पण नजर हटत नव्हती. इतकी वर्षं हे आत होतं. मग तो पिवळट झाला, मग पांढरा, मग नुसता काचेसारखा चिकट धागा. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. कित्येकांचा खोकला सोडल्यासोडल्या कमीच होतो. ज्यांचा वाढतो, त्यांचा बहुधा काही आठवड्यांत उतरतो. खोकला आणि धाप दोन्ही पहिल्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत हळूहळू कमी होत जातात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

गंमत म्हणजे जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात हिरवा पाऊस पडला. गाड्यांवर, झाडांच्या पानांवर हिरवे थेंब. शहरभर तोच विषय, आणि मला ऐन खोकल्यात एक सोयीचं कारण मिळालं. ‘हवाच अशी आहे, काय करणार’ म्हटलं की समोरचा लगेच सहमत. पण मी खोकत होतो तो डिसेंबरपासून. हवेला दोष देणं सोपं होतं आणि पूर्ण खोटंही नव्हतं. वास घेण्याची शक्ती परत आली तेव्हा मला त्याचा पुरावाच मिळाला. आधी फडके रोडवरच्या गजरेवालीजवळून जाताना मोगरा आला. फोडणीतला हिंग आला. आणि मग एका रात्री खिडकीतून तो उग्र, घशाला चिकटणारा रासायनिक वास आला, ज्याबद्दल बायको वर्षानुवर्षं तक्रार करत होती आणि मी तिला ‘तुझं काहीतरीच’ म्हणत होतो. कल्याणच्या भावाकडे गेलो तर आधारवाडीच्या कचऱ्याला आग लागलेली, आणि मी एकटाच नाकाला रुमाल लावून बसलो. बाकीचे सवयीचे होते.

घरात डासांची कॉइल लावायचो, ती तेव्हाच बंद केली. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगरेटींच्या इतके भरतात, असं 2003 च्या एका संशोधनात मोजलेलं आहे. सिगरेट सोडून रात्रभर उशाशी कॉइल जाळायची, यात फुप्फुसाच्या दृष्टीनं अर्थ नाही. डोंबिवलीच्या डासांसमोर मच्छरदाणी हाच सभ्य उपाय.

सासूबाईंनी अडुळशाचा काढा पाठवला. कडू जहर. डॉक्टरांनी दिलेल्या कफ पातळ करणाऱ्या गोळीवर ब्रोमहेक्झिन लिहिलेलं होतं. हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून बनवलेलं आहे, हे समजल्यावर सासूबाईंचा मान घरात दोन इंचांनी वाढला. खोकला दाबणारं सिरप मात्र डॉक्टरांनी दिलं नाही. ‘जे बाहेर येतंय ते येऊ द्या. पाणी प्या,’ एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यापर्यंत खोकला गेला. एक दिवस बायको म्हणाली, ‘सकाळी तुम्ही उठलात ते कळलंच नाही.’ आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा नळीत फुंकलं. आकडा थोडासाच सुधारला होता, आणि मी हिरमुसलो. डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. लंडनमधल्या कामगारांची वर्षानुवर्षं तपासणी करून फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 साली मांडलेला. तिशीनंतर प्रत्येकाचीच फुंकर वर्षागणिक थोडी कमी होते. ओढणाऱ्यांपैकी अनेकांची ती भराभर घसरते. सोडल्यावर गमावलेलं फारसं परत मिळत नाही, पण घसरण पुन्हा इतरांच्या वेगावर येते. फुटून एक झालेले वायुकोश पुन्हा वेगळे होत नाहीत. म्हणून ‘सोडा, फुप्फुसं नव्यासारखी होतील’ असं सांगणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या चित्रांचा मला राग येतो. खोटं आश्वासन देऊन सोडायला लावलेला माणूस पहिल्या धापेला परत पेटवतो.

पण काही गोष्टी मात्र परत येतात. 2020 साली ‘नेचर’ या नियतकालिकात सोळा जणांच्या श्वासनलिकेतल्या पेशींचा अभ्यास आला. सोडलेल्यांच्या छातीत जवळजवळ निरोगी अशा पेशींचं प्रमाण अजून ओढणाऱ्यांच्या चौपटीपर्यंत होतं, काहींमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत. धुराच्या खुणा नसलेल्या पेशी कुठेतरी टिकून होत्या आणि जागा परत घेत होत्या. आणि रिचर्ड डॉल यांनी पन्नास वर्षं ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा करून 2004 मध्ये मांडलेला हिशेब तर कोणत्याही विमा एजंटपेक्षा चांगला आहे: तिशीत सोडली तर सरासरी दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. डॉल स्वतः ओढायचे, आणि स्वतःच्याच संशोधनाचे आकडे पाहून त्यांनी सोडली.

आता मी निवृत्त आहे. सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारतो, मुलगी ठाण्याला राहते म्हणून. चढावर अजूनही दम लागतो, थंडीत एखादी उबळ येते. येऊरच्या चढावर माझ्याहून मोठी माणसं पुढे निघून जातात, त्यांना मी जाऊ देतो.

फिरायला येणाऱ्या तरुणांपैकी कोणी सोडण्याच्या गोष्टी करू लागलं की मी त्याला एवढंच सांगतो. सोडल्यावर खोकला वाढला तर घाबरून पुन्हा पेटवू नका. तो बसवायचा नसतो, संपू द्यायचा असतो. पण प्रत्येक खोकल्याला ‘सिगरेटचा’ म्हणून सोडूनही देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त चालला, रक्त पडलं, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप आला, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. शोधायला लांब जावं लागत नाही, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.