धान्याभ्रक आणि सूनबाई

धाकटी सूनबाई पुण्याहून कुर्डुवाडीस आली, ती गोड वार्ता घेऊनच. पण माझ्या मनांत पाल चुकचुकली. ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म पापुद्रे सुटे करणें हें तिचें प्रयोगशाळेंतील काम. आणि त्या कामीं पुष्कळ ठिकाणीं वापरतात तो एन-मिथाइल-पायरोलिडोन नांवाचा द्रव गर्भास अपायकारक आहे, हें तिनेंच पूर्वीं सांगितलें होतें. नोकरी सोड, असें सांगण्याचें मीं योजिलें.

ती म्हणाली, "मामंजी, तो द्रव आम्हीं सोडला. आतां पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणांत ध्वनिकंपनांनीं पापुद्रे सोडवितों. हातीं कमी लागतें, एवढेंच."

मला 'रसरत्नसमुच्चया'तील धान्याभ्रक आठवलें. अभ्रकाचें चूर्ण साळींसह वस्त्रांत बांधून कांजींत मर्दावें, म्हणजे सूक्ष्म कण गळून येतात. हें मीं आढ्यतेनेंच सांगितलें.

ती हंसली. "मार्ग तोच, पण आमचा पापुद्रा एका अणूच्या जाडीचा. मिलिमीटरभर जाडींत असे सुमारें ३० लक्ष थर! २००४ सालीं मँचेस्टरला गाइम व नोवोसेलोव्ह यांनीं तो साध्या चिकटपट्टीनें सोलला."

माझी आढ्यता उतरली, आणि काळजीहि. ओठांवर आलेलें वाक्य गिळून मीं इतकेंच म्हणालों, "हातमोजे मात्र विसरूं नकोस हो."