काखेंतला कळसा

“काखेंत कळसा आणि गांवाला वळसा” ही म्हण आपण सर्वजण वापरतों. पण ती कोणाच्या तोंडची आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. जी बाई कळसा काखेंत घेऊन गांवभर तोच शोधीत हिंडली, तिच्या तोंडची ती खास नव्हे. त्या धांदलींत म्हण सुचण्याइतकी स्वस्थता तिला बिचारीला कोठून असणार? ती म्हण आहे ओट्यावर पाय सोडून, सुपारी कातरीत, तिची येरझार पाहत बसलेल्या एखाद्या गृहस्थाची. त्याला कळसा पहिल्या क्षणींच दिसला. आणि यांत त्याच्या दृष्टीचें फारसें कौतुक करण्याजोगें कांहीं नाहीं, कारण त्याला कळशाची गरज नव्हती.

या गृहस्थाची आठवण आम्हांस अलीकडे वरचेवर होते. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुण मंडळींच्या मागें खुर्ची टाकून बसण्याचा छंद लागल्यापासून आम्ही स्वतःच त्या ओट्यावर जाऊन बसलों आहों. हे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय कीं बुद्धीचा व्यायाम, हा वाद ज्यांना रुचतो त्यांनीं तो खुशाल चालवावा. आमचें कुतूहल निराळें आहे. डोळ्यांसमोर असलेली वस्तु माणसाला कशी दिसत नाहीं, हें पाहण्यासाठीं याहून सोयीची जागा आम्हांस ठाऊक नाहीं. चष्मा कपाळावर ठेवून घर धुंडाळणारा मनुष्य पांच मिनिटांत सांपडतो आणि तमाशा आटोपतो. येथें मात्र लखलखीत पडद्यावर दार उभें असतें, खेळणारा त्याच्यावरून वीस वेळां जातो, आणि मागें बसलेल्या तिघांना तें दिसत असतें. पडदा एक, प्रकाश एक, डोळे सर्वांचे सारखेच. फरक पडतो तो हातांत कंट्रोलर आहे कीं नाहीं एवढ्याचाच.

या प्रकाराचीं कांहीं उदाहरणें आतां खेळणाऱ्यांच्या जगांत पुराणकथांसारखीं झालीं आहेत. जपानच्या निंटेंडो कंपनीचा ‘मेट्रॉइड’ हा खेळ १९८६ सालचा. त्याची नायिका सॅमस एका परक्या ग्रहावर उभी असते. खेळणारा तिला बहुधा उजवीकडे धाववतो. कांहीं अंतरावर वाट इतकी ठेंगणी होते कीं उभ्या माणसाला पुढें जातां येत नाहीं. उड्या मारून होतात, बंदूक झाडून होते, पण भिंत हलत नाहीं. उपाय काय, तर आरंभींच्या जागेहून चार पावलें डावीकडे जाणें. तेथें एक वस्तु ठेवलेली असते आणि ती घेतली कीं अंगाचा गोळा करून ठेंगण्या वाटेंतून घरंगळत जातां येतें. आतां डावीकडे जाण्यास बंदी कोणीं केली होती? कोणींही नाहीं. पण त्याच कंपनीनें आदल्याच वर्षीं ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा खेळ काढला होता; त्यांत पडदा केवळ उजवीकडे सरकतो, एकदां मागें पडलेल्या भूमीवर परत जातांच येत नाहीं. ज्याचे अंगठे त्या शाळेंत तयार झाले, त्याच्या दृष्टीनें डावी दिशा जगांतून नाहींशीच झाली होती. ती त्याच्या डोळ्यांनीं गाळली नव्हती. ती त्याच्या शिक्षणानें गाळली होती.

दुसरें उदाहरण याहून खोल आहे. ‘सॉनिक’ मालेंतील तिसरा खेळ १९९४ साली निघाला. त्यांतील जत्रेच्या प्रदेशांत एक पट्ट्यापट्ट्यांचें पिंप वाट अडवून बसलेलें आहे. त्याच्यावर उडी मारली कीं तें थोडें खालीं-वर हलतें. पुन्हां मारली कीं आणखी थोडें हलतें. झालें! खेळणाऱ्याची खात्री पटते कीं उड्यांचा ताल तेवढा साधला पाहिजे. तो उड्या मारीत राहतो, दहा मिनिटांची मुदत संपते, आणि त्याचा एक जीव जातो. खरी युक्ति अशी कीं उडी मारावयाचीच नाहीं. पिंपावर स्वस्थ उभें राहून वरचें आणि खालचें बटण आळीपाळीनें दाबावयाचें. ही कथा ऐकून हंसूं येतें, पण तिच्यांत एक मर्म आहे. पिंप जर मुळींच हललें नसतें, तर खेळणाऱ्यानें उड्या केव्हांच सोडून दिल्या असत्या. त्याला बुडविलें तें अपयशानें नव्हे, अर्धवट यशानें. थोडें हलणारें पिंप माणसाला जितकें गुंतवून ठेवतें, तितकें न हलणारें ठेवीत नाहीं. संसारांत अशीं पिंपें किती आहेत याची मोजदाद वाचकांनीं आपापल्या घरीं करावी.

तिसरा प्रकार तर निव्वळ खट्याळपणाचा. १९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या खेळांत हिदेओ कोजिमा या कर्त्यानें खेळणाऱ्याची अशी कांहीं फिरकी घेतली आहे कीं तिला तोड नाहीं. नायकाला एका स्त्रीशीं बिनतारी यंत्रानें बोलावयाचें असतें. तिचा आंकडा कोणता, तर तो सीडीच्या वेष्टनाच्या पाठीवर आहे असें त्याला सांगण्यांत येतें. आतां त्या कथेंतच नायकाला एक तबकडी मिळालेली असते. म्हणून खेळणारा ती उलटून-पालटून पाहतो, खोल्याखोल्यांतून भटकतो, पहारेकऱ्यांशीं झुंजतो. आंकडा असतो तो मेजावर पडलेल्या, त्यानें पैसे मोजून दुकानांतून आणलेल्या, खऱ्याखुऱ्या वेष्टनाच्या पाठीवर! सर्व पडदा धुंडाळणाऱ्याला पडद्याबाहेर पाहण्याचें सुचत नाहीं, कारण खेळ म्हणजे पडदा ही व्याख्या त्यानें न विचारतां मान्य केलेली असते. ज्यानें खेळ मित्राकडून उसना आणला, त्याची गोष्ट तर बोलावयासच नको.

हीं उदाहरणें वाचून एखादा प्रौढ वाचक म्हणेल कीं हा पोरासोरांचा बावळटपणा. जाणत्या माणसाचें असें होत नाहीं. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. जाणतेपणा हा या आंधळेपणावरचा उतारा नसून पुष्कळदां त्याचें कारणच असतो. नोव्हेंबर २००६ मध्यें जर्मनींतील बॉन येथें बुद्धिबळाचा तत्कालीन जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक हा ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाशीं खेळत होता. दुसऱ्या डावांत त्यानें आपला वजीर शांतपणें एका घरांत नेऊन ठेवला, आणि संगणकानें पुढच्याच खेळीला त्याच्यावर मात केली. एका खेळींतली मात नवशिक्याला पहिल्या आठवड्यांत शिकवितात. पण येथें वजीराला जोर होता तो अशा घरांतील घोड्याचा कीं जेथें घोडा सहसा नसतो. आणि जगज्जेत्याची नजर जेथें धोके नेहमीं असतात तेथेंच पहारा देत होती. २००८ साली बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या संशोधकांनीं निष्णात बुद्धिबळपटूंपुढें एक पट मांडला. त्यांत सर्वांच्या परिचयाची एक लांब युक्ति होती, आणि तितकी परिचित नसलेली एक आंखूड. खेळाडूंना परिचित युक्ति तत्काळ दिसली. याहून चांगली शोधा असें सांगितल्यावर आपण शोधीत आहों असें त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु त्यांच्या बुबुळांची हालचाल टिपली तेव्हां असें आढळलें कीं नजर पुन्हां पुन्हां जुन्याच युक्तीच्या घरांवर जाऊन बसत होती. मन म्हणत होतें “मी सगळीकडे पाहतों आहें”, आणि डोळे त्याला सोडून आपल्या नेहमींच्या घरीं परतत होते.

खेळाच्या पटावर एवढ्यानें फार बिघडत नाहीं. परंतु २०१३ साली अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचल्यावर आमचें हंसूं मावळलें. फुप्फुसांच्या छायाचित्रांत कर्करोगाच्या लहान गांठी शोधण्याचें काम चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना दिलें होतें. त्या चित्रांत प्रयोगकर्त्यांनीं एका गोरिलाचें चित्र घुसडून दिलें. आकारानें तें सरासरी गांठीच्या अठ्ठेचाळीस पट होतें. चोवीसांपैकीं वीस तज्ज्ञांना गोरिला दिसला नाहीं. आणि ज्यांना दिसला नाहीं त्यांतील बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर पडून गेली होती. हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. ते जें शोधावयास बसले होते, त्यांत गोरिला बसत नव्हता. डोळा पाहतो आणि मन निवडतें; आणि मनानें जें निवडलें नाहीं तें पाहूनहि न पाहिल्यासारखें होतें.

मग या आंधळेपणाची माणसाला इतकी लाज कां वाटावी? कठीण कोडें सुटलें नाहीं तर मनुष्य तें अभिमानानें चार जणांना सांगतो. सोपें सुटलें नाहीं तर तोंड लपवितो. पण सोपें हें केव्हां सोपें झालें? ‘उघड’ हा शब्दच पाहा. उघड म्हणजे उघडलेलें. आणि उघडण्यापूर्वीं तें झांकलेलेंच होतें. दार सांपडल्यावर तें उघड होतें आणि मग आपला असा ग्रह होतो कीं तें पूर्वींपासूनच उघड होतें. पूर्वींच्या अंधाराची आठवण प्रकाशांत टिकत नाहीं. आमच्या लहानपणीं वर्गांत फळ्यावर एक पायरी गाळून “हें तर उघडच आहे” असें म्हणून पुढें जाण्याची पद्धत होती. त्या एका वाक्यानें गणिताला कायमचा रामराम ठोकलेलीं माणसें आज आमच्या परिचयांत आहेत. त्यांना गणित कठीण गेलें नाहीं. त्यांना तें सोपें आहे असें सांगण्यांत आलें.

हें सर्व सुचण्यास आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील चौदा वर्षांचा एक मुलगा कारण झाला. मोठा चौकस पोर. एका संध्याकाळीं चार मित्रांसमक्ष तो एका गुहेंतून बाहेर पडण्याची वाट पाऊण तास शोधीत होता. शिडी त्याच्या डोक्यावरच लोंबत होती. आणि खेळणारे सहसा वर पाहत नाहींत, हा खेळ रचणाऱ्यांचा जुनाच अनुभव आहे. मित्रांना तें ठाऊक होतें. ते एकमेकांना कोपरखळ्या मारीत गप्प बसले, आणि अखेरीस जेव्हां एकानें बोट दाखविलें तेव्हां जो हशा पिकला तो आमच्या घरापर्यंत ऐकूं आला. मुलगाहि हंसला. पण त्या दिवसापासून कोणताहि नवा खेळ हातीं घेण्यापूर्वीं तो दुसऱ्या कोणी खेळलेल्या त्या खेळाचें चित्रण मोबाईलवर आधीं पाहून घेतो. आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाला, “आजोबा, आतां कुठेंच अडत नाहीं.” तें खरेंच आहे. तो अडत नाहीं. पूर्वीं वाट सांपडली कीं तो खुर्चींतून ताडकन् उठत असे. आतां त्याचीं बोटें पाटीवर अक्षरें गिरवावीं तशीं चालतात. त्याच्या मित्रांनीं त्याचा पाऊण तास वांचविला नाहीं, त्याचें शोधणें मात्र संपविलें.

आजकालचे खेळ रचणारे या लाजेवर निराळा तोडगा काढूं पाहतात. चढावयाच्या कड्यांना, फोडावयाच्या पिंपांना ते पिवळा रंग फासून ठेवतात. २०२३ साली नव्यानें निघालेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मध्यें तो होता, आणि २०२४ च्या आरंभीं ‘फायनल फँटसी ७ रिबर्थ’ मधील पिवळे खडक पाहून खेळणाऱ्यांत मोठें रण माजलें. आम्ही काय आंधळे आहों, असें एक पक्ष म्हणे. आहांत, म्हणूनच रंग लावावा लागतो, असें दुसरा. आम्हांस दोन्ही पक्षांचें बोलणें पटतें. हा रंग दयाळूपणानें लावलेला आहे यांत शंका नाहीं. परंतु जेथें प्रत्येक कळशाला रंग फासलेला आहे तेथें कळसा सांपडल्याचा आनंद कसला?

अशा वेळीं आम्हांस आपल्या वेदान्तांतील दहाव्या माणसाची कथा आठवते. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सगळे सुखरूप आहेत ना म्हणून एकानें मोजलें, तों नऊच भरले. दुसऱ्यानें मोजलें, तरी नऊच. कारण मोजणारा प्रत्येकजण स्वतःला वगळीत होता. दहावा बुडाला म्हणून सर्वांनीं आक्रोश मांडला. तेवढ्यांत एक वाटसरू तेथें आला. त्याला दहाहि जण पहिल्याच दृष्टिक्षेपांत दिसले, कारण तो मोजदादींत नव्हता. वेदान्त्यांनीं या कथेचा अर्थ आत्मज्ञानाकडे नेला आहे, आणि तो त्यांचा अधिकार आहे. आमचें लक्ष मात्र त्या वाटसरूकडे जातें. त्याला हंसावयास किती जागा होती! पण तो हंसला नाहीं. मोजणाराला पुन्हां एकवार मोजावयास लावून, नऊ झाल्यावर तो एवढेंच म्हणाला कीं दहावा तूंच आहेस. म्हणजे मोजणें त्यानें त्यांच्याकडेच ठेवलें; स्वतः दिली ती फक्त शेवटची खूण.

कळसा शोधणाऱ्या त्या बाईला ओट्यावरच्या गृहस्थाऐवजीं असा एखादा वाटसरू भेटला असता, तर मराठी भाषा एका चांगल्या म्हणीला मुकली असती हें खरें. पण बाई पाणी घेऊन वेळेवर घरीं पोंचली असती.